डाग वरच्या बाजूला

१२ सप्टेंबर

काका,

तुम्हाला आणि काकूला वाकून नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही दर वाक्याला "काय?" म्हणता आणि मी ओरडायला लागले की अख्खं ऑफिस माझ्याकडे बघतं. इतकी वर्षं धुलाईच्या यंत्रांशेजारी उभं राहून तुमच्या कानांनी राजीनामा दिला आहे, हे तुम्ही सोडून सगळ्यांनी मान्य केलं आहे.

बातमी अशी की मला माझ्या स्वतःच्या नावावरचा पहिला अभ्यास मिळाला. आत्तापर्यंत मी सरांच्या अभ्यासात आकडे भरायचे, आता सर माझे आकडे तपासतील. प्रश्न साधा आहे. थंडीत फ्लूची साथ येते. थंडीतच लोकांना ऊन कमी मिळतं, आणि ड जीवनसत्त्व आपल्या कातडीत उन्हामुळेच तयार होतं. मग ज्यांना ऊन मिळत नाही त्यांना ते थेंबांतून दिलं तर फ्लू कमी होतो का? काही लोक छातीठोकपणे हो म्हणतात, काही नाही म्हणतात. मला बघायचं आहे.

त्यासाठी दिवसभर ऊन न बघणारी माणसं हवी आहेत. शीतगृहातले पॅकिंगवाले मिळाले, रात्रपाळीचे पहारेकरी मिळाले. आणि रुग्णालयाच्या तळघरात तुमच्या मुकादमीखाली दिवसभर चादरी धुणारी माणसं मला लहानपणापासून माहीत आहेत. प्रत्येकाला थेंबांची एक बाटली मिळेल. निम्म्या बाटल्यांत तेलात मिसळलेलं ड असेल, निम्म्यांत नुसतं तेल. रंग तोच, चव तीच. कुणाला काय मिळालं ते तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही, ते शेवटीच उघडायचं. रक्त फक्त सुरुवातीला तपासू, पुन्हा तपासण्याइतका निधी नाही. फ्लूची लस ज्यांना घ्यायची त्यांनी जरूर घ्यावी, थेंब म्हणजे लस नव्हे. बाकी सगळं नेहमीसारखं चालू द्यायचं, एवढंच.

विचाराल का सगळ्यांना? जबरदस्ती मात्र नको. तुमचा आवाज मला माहीत आहे.

तुमची टिल्लू


२० सप्टेंबर

डॉक्टरीणबाई टिल्लू,

पद कितीही मोठं झालं तरी आशीर्वाद आमच्याकडूनच घ्यावा लागतो, तो घे.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं बंद करून वाचून दाखवलं. दोनदा. जबरदस्ती केली नाही. मी एवढंच म्हटलं की ज्याला सही करायची नसेल त्यानं मला येऊन सांगावं. कुणी आलं नाही.

इथे तुला ओळखत नाही असा एकच माणूस आहे, नवा ड्रायरवाला. त्याला मी तुझी कथा पहिल्यापासून सांगितली. शाळा सुटली की तू इथे यायचीस, कारण तुझे आईबाप दोघंही पाळीवर असायचे. साबणाच्या रिकाम्या डब्यावर उभी राहून तू अभ्र्यांच्या घड्या घालायचीस आणि डाग दिसला की हळूच आतल्या बाजूला घालायचीस. मी एकदाच रागावलो होतो, आणि तू तोंडाचा चंबू करून ढसाढसा रडली होतीस. आठवतं का? न निघालेला डाग वरच्या बाजूला येईल अशी घडी घालायची, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरला तो दिसतो आणि चादर पेशंटला द्यायची की नाही ते ती ठरवते. आजही नव्या माणसाला इथली पहिली शिकवण तीच.

इस्त्रीवाल्या माईंनी एक अवघड प्रश्न विचारला. म्हणाल्या, चांगली बाटली कुणाला मिळणार? मी म्हटलं, सगळ्या माझ्या पुतणीच्याच आहेत, वाईट कुठून येईल? त्यांचं समाधान झालं. माझंही झालं.

तू काळजी करू नकोस. तुझं औषध माझ्या तळघरात हरणार नाही.

काका


३ नोव्हेंबर

काका,

बाटल्या पोचल्या, रक्ताचे नमुने आले, सगळ्यांचे आभार. तुमच्या लोकांचं ड अगदी तळाला आहे, तळघराला शोभेल असं.

एक सांगायचं होतं. औषध हरणं-जिंकणं असं काही नसतं. थेंबांनी काहीच झालं नाही असं निघालं, तरी तेही उत्तरच आहे. पण अभ्यास नीट झाला पाहिजे. सर म्हणाले की धुलाईची तुकडी सगळ्यात मोठी आहे, ती नसेल तर उरलेल्या लोकांवरून ठामपणे काहीच म्हणता येणार नाही. आमच्याकडे एक कायमची जागा निघते आहे आणि ती कुणाला द्यायची हे याच अभ्यासावर ठरेल, असं ते स्पष्ट बोलले नाहीत, पण मला तेवढं कळतं. आईबाबांना हे सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे.

इथे साथ सुरू झाली आहे. आजारी पडणाऱ्या प्रत्येकाची नोंद करा, लपवू नका.

टिल्लू


५ डिसेंबर

टिल्लू,

बस आधी. बसलीस? आता वाच.

गेल्या वर्षी या दिवसांत माझी निम्मी माणसं अंथरुणात होती आणि मी स्वतः ताप अंगात घेऊन गाठोडी ओढत होतो. यंदा तळघरात खोकला ऐकू येत नाही. माझे कान गेलेत म्हणून नव्हे, काकूही म्हणते. फक्त माईंना चार दिवस ताप आला, त्याची नोंद केली आहे. मी लपवणाऱ्यातला नाही. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर स्वतः आजारी पडले आणि खालचे धुलाईवाले ठणठणीत, असं या इमारतीत कधी घडलं नव्हतं. मोठ्या मेट्रनबाई खाली येऊन विचारत होत्या की काय खाता रे तुम्ही. मी म्हटलं, खात नाही, थेंब घेतो, माझ्या पुतणीचे. आणि तुझं पूर्ण नाव पदव्यांसकट सांगितलं.

सोबत फोटो पाठवतो आहे. सगळे कसे तुकतुकीत दिसतात बघ. असाच मोठा करून इथे भिंतीवर लावला आहे. जाता-येता माझी छाती फुगते, सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी आहे.

काका

ता. क. मी काकू. फोटोत मागच्या रांगेत कडेला मी आहे. डबा द्यायला गेले तर ह्यांनी मलाही वर बसवलं. माझं नाक सोललं आहे, त्याचीही नोंद कर.


११ डिसेंबर

काका,

फोटो पाहिला. हा कुठे काढला? गच्चीवर? सगळ्यांच्या बाह्या कोपराच्या वर का आहेत? काकूचं नाक कशानं सोललं? असं किती दिवस चाललं आहे?

परतीच्या टपालानं कळवा.

टिल्लू


१६ डिसेंबर

टिल्लू,

तुझं पत्र म्हणजे पोलिसांची चौकशी वाटली. पण डोकं तुझं तेज आहे, फोटोवरून ओळखलंस. मी हे तुला निकाल लागल्यावर सांगणार होतो, आता सांगून टाकतो.

थेंब सुरू झाले त्याच आठवड्यात मी दुपारच्या चहाची जागा बदलली. आधी आम्ही बॉयलरच्या खोलीशेजारी पाण्याच्या पिंपांवर बसून चहा प्यायचो. आता चहा गच्चीवर. ऐन दुपारी, डोक्यावर ऊन असताना, बाह्या वर करून, अर्धा तास. लिफ्ट फक्त पेशंटसाठी आहे म्हणून जिन्यानं जायचं. सुरुवातीला सगळ्यांनी मला शिव्या घातल्या, आता मी आधी पोचलो नाही तर तेच हाका मारतात. माई तर इस्त्री गरम ठेवून पळतात.

तूच लिहिलं होतंस की ड उन्हातून मिळतं. म्हटलं, पोरीचा पहिलाच अभ्यास, पोरीच्या नोकरीचा प्रश्न, आपण हातावर हात ठेवून बसायचं का? औषधाला थोडी जोड दिली. कुणाकडे कुठली बाटली आहे माहीत नाही, म्हणून सगळ्यांनाच वर नेतो. एकालाही वगळलेलं नाही. तुझ्या औषधाचं नाव खाली पडू देणार नाही, असा शब्द दिला होता, तो पाळतो आहे.

पाठ थोपटायला कधी येतेस ते कळव.

काका


२१ डिसेंबर

काका,

तीन वेळा लिहून खोडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

ज्यांच्या बाटलीत नुसतं तेल होतं, त्यांना ड मिळायला नको होतं. तेवढ्यासाठीच नुसतं तेल दिलं होतं. एकीकडे ड असलेली माणसं, दुसरीकडे नसलेली, आणि मग बघायचं की फ्लू कुठे जास्त होतो. तुम्ही सगळ्यांना उन्हात बसवलंत, म्हणजे तेलवाल्यांनाही ड दिलंत, फुकट आणि भरपूर. आता दोन्हीकडे सारखंच आहे. मी कशाशी काय ताडून बघू?

आणि तुमची माणसं बरी राहिली ती कशानं, हेही मला कुणी सांगू शकणार नाही. थेंबांनी, उन्हानं, की बॉयलरशेजारच्या कोंदट खोलीत एकमेकांच्या तोंडावर खोकत चहा प्यायचा बंद झाला म्हणून? की यंदा तुमचं नशीब बरं होतं? तुम्ही चार गोष्टींची मोट बांधलीत आणि वर माझं नाव लावलंत.

मी लिहिलं होतं, सगळं नेहमीसारखं चालू द्या. पहिल्याच पत्रात. तुम्ही ते यंत्रं बंद करून दोनदा वाचून दाखवलंत, काका.

माझी सगळ्यात मोठी तुकडी गेली. मला फार राग आला आहे आणि तो तुमच्यावर आला आहे याचं मला जास्त वाईट वाटतं.

टिल्लू


९ जानेवारी

टिल्लू बाळा,

मी काकू लिहिते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हे कामावरून आले आणि कपडे न बदलता तसेच खुर्चीत बसले. मला वाटलं, कुणी गेलं की काय. मग पत्र माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा फोटो उतरवला. चहा परत खाली नेला. माईंनी कारण विचारलं तर त्यांच्या अंगावर ओरडले, आणि मग संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. मी मधेच म्हटलं होतं ह्यांना, अहो, पोरीला विचारा तरी. तर म्हणाले, तिला कशाला त्रास, तिला आश्चर्याचा धक्का देऊ. दिलाच की. तुझ्यापायी ह्या माणसाला काय करू आणि काय नको असं होतं, ते तुला ठाऊक आहे. जेवणावरून मन उडालं आहे. दोन ओळी लिहिल्यास तर बरं होईल.

काकू


१४ जानेवारी

चि. टिल्लूस,

बरेच दिवस लिहिलं नाही. यंत्रासमोर उभं राहून तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आता कळलं. तेलवाल्यांच्या बाबतीतलं आधीच कळायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात एकच होतं की तू जिंकायला हवीस.

एक मार्ग आहे. गच्चीवर आम्ही बसत होतो हे आम्हाला माहीत आहे आणि तुला. फोटो तू फाडून टाक, इथला मी उतरवला आहे. रक्त पुन्हा तपासणार नाहीस असं तू लिहिलं होतंस. सगळ्यांना मी सांगतो की गच्ची हा विषय संपला, कुणी विचारलं तर चहा बॉयलरशेजारीच होत होता. माझी माणसं माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तुझी तुकडी तुला परत मिळेल, आणि ती जागाही.

आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही. एकदा करेन. तुझ्यासाठी करेन. होकार तेवढा कळव.

काका


२० जानेवारी

काका,

नाही.

तुमचं पत्र पोचायच्या आधीच मी सरांकडे गेले होते, फोटो घेऊन. त्यांनी तो बघितला. मग विचारलं, यातले तुझे काका कुठले? मी दाखवलं. ते म्हणाले, यांच्याशिवाय तुझा अभ्यास फारच छोटा राहील, निकालाला वजन राहणार नाही, जाणीव आहे ना? मी म्हटलं, आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण म्हटलं.

अहवालात धुलाईची तुकडी वगळून आकडे येतील, आणि धरूनही येतील, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसेल. काय झालं ते पहिल्याच पानावर लिहिणार आहे. शेवटी बारीक अक्षरात नाही.

तुम्ही होकार मागितलात म्हणून सांगते. मी साबणाच्या डब्यावर उभी असताना अभ्र्याचा डाग आत घातला होता, तेव्हा तुम्ही तो अभ्रा उलगडलात आणि मला म्हणालात, "वर ज्याच्या डोक्याखाली हा जाणार आहे, त्याला कळायला हवं ना?" मी रडले ते तुम्ही रागावलात म्हणून नव्हे. मला ते पटलं होतं. आता हा अहवाल वाचून कुणी डॉक्टर पेशंटला थेंब देईल किंवा देणार नाही. त्याला कळायला हवं ना?

हे मी कॉलेजात शिकले नाही, काका. तुम्ही शिकवलंत, आणि मला त्याचा फार अभिमान आहे. राग अजून थोडा आहे. तो जाईल.

जेवत जा. चहा पुन्हा गच्चीवर न्या, आता खुशाल न्या, नाहीतरी तुमची तुकडी बाद झाली आहे. फक्त नाकं सोलेपर्यंत बसू नका. आणि ज्यांनी लस घेतली नसेल त्यांना घ्यायला सांगा, साथ अजून संपलेली नाही.

तुमची टिल्लू


२ मे

काका,

बाटल्यांची यादी उघडली. निकाल असा. तुमची तुकडी वगळली तर थेंबवाले आणि तेलवाले यांच्यात भरवसा ठेवावा असा फरक नाही. ज्यांचं ड सुरुवातीला अगदीच कमी होतं, त्यांच्यात थेंबवाले किंचित कमी आजारी पडले, पण ती माणसं इतकी थोडी आहेत की तो योगायोगही असू शकतो. म्हणजे माझं उत्तर "माहीत नाही" असं आहे, आणि का माहीत नाही ते मी नीट सांगू शकते.

ती कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. दोन दिवस रडले, आता बरी आहे.

पुढच्या महिन्यात आमच्या सभागृहात मी हा अहवाल मांडणार आहे. आईबाबा पाळीमुळे येऊ शकत नाहीत. तुम्ही आणि काकू या. पहिल्या रांगेत बसा, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल.

टिल्लू


१९ जून

टिल्लू,

काल सभागृहातून निघताना तू मला विचारलंस की काका, काहीच का बोलत नाही. एवढ्या शिकलेल्या लोकांसमोर मला रडायचं नव्हतं. म्हणून आता लिहितो.

खरं सांगायचं तर मी पहिल्या रांगेत बसणार नव्हतो. मागे, दाराजवळ, खांबाआड बसायचा बेत होता. काकूनं दंडाला धरून पुढे आणलं. तू उभी राहिलीस आणि पडद्यावर पहिल्यांदा काय आलं, तर आमचा गच्चीवरचा फोटो. मग तू बोलायला लागलीस. सगळं ऐकू आलं नाही, पण काकू कानाशी सांगत होती. सुरुवातीलाच तू म्हणालीस की सगळ्यात मोठी तुकडी कशी हातची गेली ते आधी सांगते, आणि सूचना देताना ऊन टाळा असं स्पष्ट लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही, ती चूक माझी. तुझी? मी काकूला म्हटलं, ही काय बोलते आहे. काकू म्हणाली, गप्प बसा, तिचं बरोबर चाललं आहे.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेतला तो चष्मेवाला उठला आणि जरा हसत म्हणाला की हा अभ्यास पाण्यात घालणारे मुकादम आहेत तरी कोण. काही लोक हसले. तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस, ते मी पाहिलं. तू मला पाठीशी घालणार होतीस, तुझा चेहरा मी लहानपणापासून वाचतो आहे. म्हणून मी उभा राहिलो. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्यानं बोललो देव जाणे. काकू म्हणते, रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

"तो मुकादम मी," मी म्हटलं. "डाग माझा आहे. घडी तिची आहे."

तिथल्या कुणाला ते कळलं नसेल. तुला कळलं. तू टेबलाची कड धरून खाली बघितलंस आणि मग मान वर करून पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलंस, आवाज जराही हलू न देता. टिल्लू, तुझे थेंब जिंकले असते तर मी गावभर पेढे वाटत मिरवलो असतो, मला ओळखतेसच. पण काल जे वाटलं ते त्यात वाटलं नसतं.

बाहेर तुझे सर भेटले. माझ्या कानाचं त्यांना कुणी सांगितलं असावं, अगदी जवळ येऊन बोलले. म्हणाले की पुढचा मोठा अभ्यास तुझ्याकडे दिला आहे, जागा अजून कायमची नाही, पण काम तुझं. त्याच्या फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न घातला आहे म्हणे, "दुपारचा चहा कुठे घेता?" आणि तुमच्या ऑफिसात त्याला सगळे काकांचा प्रश्न म्हणतात. मी चहा कुठे घेतो ते त्यांना सांगितलं.

आज सकाळी तुझ्या अहवालाचं पहिलं पान धुलाईत वाचून दाखवलं, यंत्रं बंद करून. ड्रायरवाल्यानं विचारलं की आपली चूक छापून आली तर आपण टाळ्या कशाला वाजवायच्या. माईंनी त्याला घडीच्या टेबलाशी नेलं आणि समजावून सांगितलं.

फोटो पुन्हा भिंतीवर लावला आहे. शेजारी ते पान.

काका